मज्जातंतूच्या वाटेने जाणारा कर्करोग



वसंत व्याख्यानमालेत श्रोत्यांची अपेक्षा असते ती इतिहासाची, संतवाङ्मयाची, नाहीतर चालू राजकारणाची. तेर, नळदुर्ग आणि परंडा ज्या जिल्ह्यात आहेत तेथे ही अपेक्षा वावगीही नाही. आम्ही मात्र आज कवटीच्या तळाशी असलेल्या एका भोकाविषयी बोलणार आहोत. हे भोक हरभऱ्याच्या डाळीएवढे असते. आकारही बराचसा तसाच, लांबट गोल. प्रत्येकाच्या कवटीत अशी दोन असतात, एक उजवीकडे आणि एक डावीकडे. त्यांतून एक मज्जातंतू बाहेर पडतो व खालच्या जबड्याकडे जातो. ज्या वाटेने मज्जातंतू बाहेर येतो त्याच वाटेने तोंडातला कर्करोग कधीकधी आत जातो; आणि जात असता बाहेरून गाठ दिसत नाही, रक्त येत नाही, पुष्कळदा दुखतही नाही. तो कसा जातो, आणि जाताना त्याला आजचे शास्त्र चित्रात कसे पकडते, एवढाच आजचा विषय आहे.

विषय रूक्ष आहे खरा. पण परका नाही. तंबाखूला चुना लावून तिचा बार गालात किंवा खालच्या ओठात धरणारी माणसे या मंडपातही असतील. आम्ही हात वर करावयास सांगत नाही. मशेरीने दात घासणाऱ्या आयाबाया गावोगाव आहेत. महाराष्ट्र शासनाने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली. तरी टपरीच्या मागच्या अंगाला काय मिळते हे आपणांस आमच्यापेक्षा अधिक ठाऊक. पाश्चात्त्य देशांत तोंडाचा कर्करोग मुख्यतः जिभेचा व जिभेखालच्या भागाचा. आपल्याकडे मात्र तो गालाच्या अस्तरात आणि खालच्या हिरडीत पुष्कळ दिसतो, म्हणजे जेथे तंबाखूची गोळी मुक्कामाला असते तेथेच. हिरडीच्या खाली जबड्याचे हाड आहे, आणि त्या हाडाच्या पोटातून आम्ही म्हणतो तो मज्जातंतू जातो. म्हणजे आपल्याकडचा रोग त्या वाटेच्या दाराशीच जन्माला येतो.

समजा, भूम तालुक्यातला पंचावन्न वर्षांचा एक शेतकरी आहे. त्याची डावीकडची खालची दाढ हलू लागली, दुखू लागली. त्याने ती काढून घेतली. जखम भरली नाही. महिन्याभराने त्याच्या ध्यानात आले की न्हाव्याचा वस्तरा हनुवटीच्या डाव्या बाजूस फिरतो तेव्हा त्याचा गारवा लागत नाही. चहा पिताना ओठाच्या कोपऱ्यातून घोट ओघळतो, तो बायकोने सांगितल्यावर कळतो. दाढ काढताना दिलेल्या सुईचा अंमल अजून उतरला नसेल, अशी तो मनाची समजूत घालतो. त्या सुईचा अंमल काही तासांचा असतो, महिन्याचा नव्हे, हे त्याला कोणी सांगितलेले नाही. आणि तो कोणाला विचारीतही नाही, कारण हनुवटी दुखत नाही. दुखत नाही ते बरे आहे, असा आपल्याकडे सार्वत्रिक समज आहे. दुखणे गेले म्हणून नवस फेडणारे पुष्कळ. बधिरपणा आला म्हणून दवाखान्याची पायरी चढणारा विरळा.

ती हनुवटी बधिर का झाली हे समजण्यास थोडी शरीररचना पाहिली पाहिजे. मेंदूतून थेट निघणाऱ्या मज्जातंतूंच्या बारा जोड्या आहेत. त्यांतली पाचवी सर्वांत जाड. चेहऱ्याला जे जे स्पर्शाने कळते, गार, ऊन, टोचणे, चुरचुरणे, ते बहुतेक सगळे या पाचव्या मज्जातंतूमुळे. मेंदूच्या देठापासून निघून तो कवटीच्या तळावरील एका लहानशा पोकळीत येतो. मेकेल नावाच्या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने १७४८ साली तिचे वर्णन केले म्हणून तिला मेकेलची गुहा म्हणतात. धाराशिवच्या लेण्यांशेजारी राहणाऱ्यांस गुहेचे अप्रूप वाटू नये. पण ही गुहा करंगळीच्या टोकाएवढी आहे आणि मेंदूभोवतीच्या पाण्याने भरलेली आहे. तेथे या मज्जातंतूची गाठ असून तिच्यापासून तीन फांद्या फुटतात. पहिली कपाळाकडे व डोळ्याकडे जाते. दुसरी ज्वारीच्या दाण्याएवढ्या गोल छिद्रातून निघून गाल, वरचा जबडा व टाळू यांकडे जाते. तिसरी आमच्या हरभऱ्याच्या डाळीतून खाली उतरते, चर्वणाच्या स्नायूंना शक्ती देते, आणि तिचा एक फाटा खालच्या जबड्याच्या हाडात शिरून दातांच्या मुळांखालून पुढे सरकत हनुवटीजवळच्या लहान छिद्रातून पुन्हा बाहेर येतो. हनुवटीपासून मेंदूच्या देठापर्यंतची ही सगळी वाट जेमतेम वीतभर.

आता कर्करोग या वाटेने जातो म्हणजे काय? विहिरीवरच्या मोटारीची केबल आपण सोलून पाहिली असेल. आत निरनिराळे पदर, प्रत्येकावर वेष्टण, सगळ्यांवर मिळून आणखी एक वेष्टण. मज्जातंतूची बांधणी अशीच आहे. पावसाळ्यात केबलीला एखाद्या ठिकाणी चीर पडली की पाणी वेष्टणाच्या आतून झिरपत जाते व पार दूरच्या पेटीत निघते. मधल्या लांबीत बाहेरून काही दिसत नाही. कर्करोगाच्या पेशी अशाच वेष्टणाच्या आतल्या फटींतून सरकतात. दृष्टान्त येथे थोडा लंगडा पडतो, तेही सांगितले पाहिजे. पाणी उतार मिळेल तिकडे जाते. पेशी ओढ असेल तिकडे जातात. मज्जातंतू काही रासायनिक द्रव्ये सोडतो, त्यांच्या मागावर काही जातींच्या कर्कपेशी जातात, आणि त्यांच्या येण्याने मज्जातंतूही बदलतो. हा दोघांमधला व्यवहार आहे, नुसते झिरपणे नव्हे.

नॉयमान या जर्मन वैद्याने १८६२ साली खालच्या ओठाच्या कर्करोगाचा एक रोगी वर्णिला. त्याचा रोग हनुवटीच्या मज्जातंतूत शिरलेला होता. म्हणजे आमच्या भूमच्या शेतकऱ्याची हकीगत दीडशे वर्षांहून जुनी आहे. पुढे दीर्घकाळ अशी समजूत होती की मज्जातंतूच्या आवरणात लसिकावाहिन्या असाव्यात व त्यांतून रोग जात असावा. अमेरिकेत ह्यूस्टन येथे बॅलंटाइन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ साली डोक्यामानेचे कर्करोग मज्जातंतूंमधून कसे पसरतात याचा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि १९६७ साली रॉडिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या फटींत लसिकावाहिन्या नाहीतच असे दाखविले. तेव्हापासून हा पसरण्याचा एक स्वतंत्र मार्ग मानला जातो. रक्तवाटे जाणारा रोग फुप्फुसात दिसतो, लसिकेवाटे जाणारा मानेत गाठ होऊन हाताला लागतो. या तिसऱ्या वाटेवर हाताला लागणारे असे काहीच नसते.

बधिरपणाचा अर्थ मात्र आपल्या लोकांस कळत नाही असे कोणी म्हणू नये. अंगावर बधिर चट्टा दिसला तर दवाखान्यात दाखवा, हे कुष्ठरोगाबाबत गावागावांत सांगितले गेले, भिंतींवर लिहिले गेले, शाळांतून पोरांकडून म्हणवून घेतले गेले. त्याचा परिणाम झाला. जे पाठीवरच्या चट्ट्याबाबत पटले ते हनुवटीबाबत न पटण्याचे काही कारण आम्हांस दिसत नाही. दोन्हीकडे मज्जातंतूच बोलत असतो.

या संदर्भात डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचे नाव घेतल्यावाचून पुढे जाववत नाही. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झाले, तेव्हा तेथील प्रयोगशाळांची धुरा त्यांच्याकडे आली. १९५२ साली निघालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे ते पहिले संचालक. तोंडाचा कर्करोग आणि तंबाखू खाण्याची सवय यांच्या नात्याचा त्यांनी अभ्यास केला. त्याच माणसाने आयुष्याचा मोठा भाग कुष्ठरोगाला दिला, आणि कुष्ठाचे जंतू कातडीतल्या मज्जातंतूंच्या बारीक टोकांत शिरून त्यांच्याच वाटेने वर सरकतात, असा विचार १९५०च्या दशकात मांडला. दोन्ही रोगांची सांगड त्यांनी घातली असे आम्ही म्हणत नाही. सांगड आमची आहे. पण एकाच सूक्ष्मदर्शकाखाली तंबाखूने जळलेला गाल आणि जंतूंनी पोखरलेला मज्जातंतू पाहणारा संशोधक आपल्या महाराष्ट्रात होऊन गेला, ही गोष्ट धाराशिवच्या श्रोत्यांस माहीत असावी.

आता चित्रांकडे वळू. राँटगेन यांना ८ नोव्हेंबर १८९५ रोजी क्ष-किरणांचा शोध लागला. क्ष-किरणांना हाड दिसते, मज्जातंतू दिसत नाही. त्यामुळे पुढची पाऊणशे वर्षे वैद्यांना चोर दिसत नसे, फक्त फोडलेले दार दिसे. कवटीतले छिद्र रुंद झाले, त्याची कड झिजली, की कळे. दार फुटेपर्यंत चोर घरात मुरलेला असे. हौन्सफील्ड यांच्या यंत्राने १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनजवळच्या एका रुग्णालयात पहिल्या रोग्याच्या डोक्याचे आडवे छेद टिपले. हाच तो सीटी स्कॅन. त्यात हाड उत्तम दिसते आणि मऊ भागही बऱ्यापैकी दिसतात. १९७३ साली लॉटरबर यांनी चुंबकाच्या साहाय्याने चित्र काढण्याची रीत प्रसिद्ध केली. मॅन्सफील्ड यांनी तिला गणिताची व वेगाची जोड दिली. दोघांना २००३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आपण जिला एमआरआय म्हणतो ती ही रीत. तीत क्ष-किरण मुळीच नाहीत. शरीरात पाणी आहे, चरबी आहे, आणि दोहोंत हायड्रोजन आहे. मोठ्या चुंबकात त्या हायड्रोजनचे अणुगर्भ एका ओळीत येतात. रेडिओलहरींनी त्यांना ढकलले की परत येताना ते स्वतःच बारीकसा संदेश देतात. पाण्यातला हायड्रोजन एका चालीने परततो, चरबीतला दुसऱ्या. त्या फरकाचे चित्र होते. यंत्रात फार खडखडाट होतो आणि रोग्याला नळीत निजावे लागते, म्हणून पुष्कळ लोक घाबरतात. पण त्यात दुखण्यासारखे काही नाही. हृदयात यंत्र बसविले असेल, अंगात धातू असेल, मूत्रपिंडाचा विकार असेल, तर तेवढे आधी सांगावे.

मज्जातंतू शोधण्याचे खरे मर्म चरबीत आहे, हे ऐकून आपणांस गंमत वाटेल. कवटीच्या छिद्रांतून बाहेर पडणाऱ्या मज्जातंतूंभोवती निसर्गाने चरबीची मऊ गादी दिली आहे. एमआरआयच्या साध्या, पहिल्या प्रतीच्या चित्रात चरबी पांढरी शुभ्र दिसते आणि मज्जातंतू तिच्यात काळसर ठिपक्यासारखा, दह्यात पडलेल्या मोहरीसारखा. कर्करोग मज्जातंतूच्या वाटेने आला की तो या गादीवर पसरतो. दही नाहीसे होते, मोहरी दिसेनाशी होते, सगळे करडे. एका बाजूस पांढरे, दुसऱ्या बाजूस करडे. एवढा फरक दिसला की वाचणाऱ्याने तेथे थांबावे. इतर सर्व ठिकाणी चरबीला आपण शत्रू मानतो. कवटीच्या तळाशी तिच्यासारखा प्रामाणिक साक्षीदार नाही.

दुसऱ्या प्रतीच्या चित्रासाठी गॅडोलिनियम या धातूचे संयुग शिरेतून देतात. १९८८ सालापासून ते वापरात आहे. निरोगी मज्जातंतू रक्तातली द्रव्ये सहसा आत घेत नाही. त्याला कुंपण असते. रोग शिरला की कुंपण मोडते, द्रव्य आत जाते आणि तंतू चित्रात उजळतो. पण चरबी आधीच पांढरी. पांढऱ्यात उजळलेला तंतू ओळखायचा कसा? म्हणून त्या वेळी यंत्राला सांगून चरबीचा उजेड मालवावा लागतो. मग काळ्या पार्श्वभूमीवर जाडावलेला, उजळलेला तंतू दोरीसारखा दिसतो. जबड्यातून वर, डाळीएवढ्या छिद्रातून, मेकेलच्या गुहेपर्यंत. गुहेत पाणी असावे तेथे घट्ट मांस भरलेले दिसले, तर रोग कवटीच्या आत पोचला असे समजावे.

तिसरी साक्ष स्नायूंची. चर्वणाचे स्नायू याच तिसऱ्या फांदीवर जगतात. फांदी निकामी झाली की ते आधी सुजतात व पाणावतात. काही महिन्यांनी वाळतात आणि त्यांच्या जागी चरबी येते. रोग्याकडे समोरून पाहिले तर एका कानशिलाला खड्डा पडलेला दिसतो. येथे दोन फसगती होतात. सुजलेला स्नायू पाहून कोणी त्यालाच गाठ समजतो. उलट, वाळलेल्या बाजूकडे लक्ष न जाता निरोगी बाजूचा स्नायू भरदार दिसतो म्हणून तिकडेच रोग आहे असेही वाटू शकते. दोन बाजूंत फरक दिसला की कोणती बाजू खोटे बोलते हे आधी ठरवावे लागते.

फसगती आणखीही आहेत. डाळीएवढ्या त्या छिद्राभोवती बारीक शिरांचे जाळे सर्वांनाच असते व ते द्रव्य दिल्यावर उजळते. नवख्याला तोच रोग वाटतो. दातांत धातू असेल तर आसपासचे चित्र विस्कटते. नाकाच्या पोकळ्यांतल्या हवेमुळे कवटीच्या तळाशी चरबी नीट मालवत नाही आणि नसलेला उजेड दिसतो. यासाठी साधे, चरबी न मालवलेले चित्र कधीही वगळू नये. घाईच्या दिवशी तेच पहिल्यांदा वगळले जाते. रोग मज्जातंतूवर सलग दिसेलच असे नाही. मध्ये तुकडा चांगला दिसून पुढे पुन्हा रोग दिसतो, म्हणून चांगला तुकडा लागला तरी तेथे न थांबता वाट शेवटपर्यंत पाहावी लागते. आणि सूक्ष्मदर्शकालाच दिसेल इतका रोग असेल, तर कोणतेही यंत्र तो दाखवीत नाही. चित्र स्वच्छ आले म्हणजे तंतू स्वच्छ आहे असा दाखला आम्ही कधी देत नाही.

सीटी पुरेसा आहे काय, असे पुष्कळ जण विचारतात, कारण तो लवकर होतो आणि कमी खर्चात होतो. जबड्याचे हाड किती खाल्ले, त्यातली नळी रुंद झाली काय, हे सीटीत एमआरआयपेक्षा चांगले कळते. चरबीची गादीही त्यात काळसर दिसते व ती गेली असल्यास जाणत्याला कळते. म्हणून सीटीला कमी लेखू नये. पण बधिरपणा असता केवळ सीटीवर भागवू नये, असे आमचे मत आहे. पेट स्कॅनचा या बाबतीत उपयोग मर्यादित. बारीक तंतूतला रोग त्याच्या नजरेतून सुटतो, आणि शेजारच्या मेंदूचा प्रकाश इतका प्रखर असतो की कवटीच्या तळाचे त्यात हरवून जाते.

परंतु यंत्रापेक्षा मोठी अडचण चिठ्ठीची आहे. धाराशिवहून सोलापूर, लातूर किंवा बार्शी गाठून चित्र काढावयाचे. एका दिवसाचा रोज बुडतो, बरोबर एक माणूस लागतो. तो जी चिठ्ठी घेऊन येतो तिच्यावर पुष्कळदा एवढेच असते: तोंडाचा व मानेचा एमआरआय. हनुवटी बधिर आहे हे लिहिलेले नसते, कारण रोग्याने ते सांगितलेले नसते आणि कोणी विचारलेले नसते. मग तंत्रज्ञ गालातली गाठ व मानेतल्या गाठी नीट येतील असे जाड छेद घेतो. कवटीचा तळ वरच्या काठाला कसाबसा येतो किंवा येतच नाही. चित्र वाचणाराही गाठ मोजतो, मानेतल्या गाठी मोजतो आणि सही करतो. कोणीच चूक केली नाही असे वाटते. ‘डावी हनुवटी दोन महिने बधिर’ एवढे पाच शब्द चिठ्ठीवर असते तर छेद पातळ घेतले असते, वरपर्यंत घेतले असते, आणि वाचणाऱ्याने वाट शेवटपर्यंत चालून पाहिली असती. ही गोष्ट रोग्याच्या घरातल्या माणसानेही सांगता येण्यासारखी आहे. शिकलेली सून किंवा नातू बरोबर असेल तर त्याने चिठ्ठी वाचावी, आणि नसेल लिहिले तर डॉक्टरांना लिहावयास सांगावे. डॉक्टरांना राग येत नाही. आला तरी चिंता नाही.

जुन्या कागदांचेही तेच. लाळग्रंथीच्या कर्करोगाची एक जात फार संथ चालते. ती टाळूवर लहानशी निरुपद्रवी गाठ म्हणून येते, काढली जाते, आणि रोगी ती विसरतो. दहा वर्षांनी गाल बधिर होतो किंवा टाळू चुरचुरते, आणि चित्रात दुसरी फांदी ज्वारीएवढ्या छिद्रापर्यंत जाडावलेली निघते. मज्जातंतूच्या वाटेने जाण्यात या जातीचा हातखंडा आहे. पत्र्याच्या पेटीत पडलेला त्या जुन्या शस्त्रक्रियेचा कागद आणि गाठीचा अहवाल अशा वेळी नव्या यंत्राइतका मोलाचा असतो. तो फेकू नये.

सातव्या मज्जातंतूविषयी थोडे सांगतो. तो चेहऱ्याच्या हालचालींचा धनी. तो गेला की तोंड वाकडे होते. आपल्याकडे वारे गेले म्हणतात, शेकतात, मालिश करतात. बहुतेकांचे तोंड एकदोन दिवसांत अचानक वाकडे होते व काही आठवड्यांत सुधारू लागते. त्यांत कर्करोगाचा संबंध नाही, आणि येथे कोणी घाबरून जाऊ नये. परंतु वाकडेपणा हळूहळू वाढत गेला, तीन आठवड्यांनंतरही वाढतच राहिला, किंवा चार महिने झाले तरी यत्किंचितही सुधारला नाही, तर कानाखालच्या लाळग्रंथीपासून मेंदूच्या देठापर्यंत त्या तंतूचे चित्र काढलेच पाहिजे. हा सातवा तंतू त्या ग्रंथीच्या पोटातून जातो. आणखी एक गोष्ट अशी की, कानापुढून जाणाऱ्या एका बारीक फाट्याने पाचवा व सातवा हे एकमेकांस जोडलेले आहेत. या आडवाटेने रोग एका तंतूवरून दुसऱ्यावर जातो. म्हणून चेहरा बधिर आणि वाकडा असे दोन्ही एकाच बाजूस झाले, तर तो योगायोग मानू नये.

एवढा खटाटोप करून मिळते काय? चित्राने रोग बरा होत नाही हे आम्ही जाणतो. पण रोग मज्जातंतूवर कोठपर्यंत गेला हे आधी कळले, तर शस्त्रवैद्य जबड्याचा तुकडा काढताना तंतूही वरपर्यंत मोकळा करून त्याचे टोक तपासावयास पाठवतो. किरणोपचार करणारा आपला पट्टा तोंडापुरता न ठेवता कवटीच्या तळापर्यंत नेतो. रोग मेकेलच्या गुहेत पोचला असेल तर मोठी, विद्रूप करणारी शस्त्रक्रिया करून काही साधणार आहे की नाही, याचा विचार रोग्याशी व घरच्यांशी बोलून आधी करता येतो. हे कळले नाही तर गालाची जखम सुरेख भरते, मानेत गाठ नसते, सगळे समाधानी असतात. आणि दीड वर्षाने माणूस दुहेरी दिसते म्हणून येतो, कारण आत राहिलेला रोग डोळ्याच्या तंतूंपर्यंत गेलेला असतो. भूमच्या आमच्या शेतकऱ्याला दवाखान्यात एकच प्रश्न आरंभी विचारला गेला असता, हनुवटीला कापूस लावला तर दोन्हीकडे सारखा कळतो काय, तर ही दीड वर्षे त्याच्या हाती राहिली असती. त्या तपासणीला कापसाचा बोळा पुरतो.

अशी साधी तपासणी खेड्यात चालते काय, याचे उत्तर या जिल्ह्यानेच दिलेले आहे. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाच्या आधाराने १९८७ साली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली; खेड्यांतल्या माणसांची अशी नोंद ठेवणारी ती भारतातली पहिली. बार्शीबरोबर या जिल्ह्यातले परंडा व भूम हे तालुके तिच्यात होते, मिळून ३४६ गावे. पुढे ऑक्टोबर १९९९ पासून या जिल्ह्यात ३० ते ५९ वर्षांच्या १,३१,७४६ स्त्रियांना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या अभ्यासात घेण्यात आले. विषाणूची तपासणी एकदाच केलेल्या गटात आठ वर्षांत या रोगाने झालेले मृत्यू, काहीच तपासणी न झालेल्या गटाच्या मानाने जवळजवळ निम्मे भरले. हा निबंध २००९ साली अमेरिकेतील न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या विख्यात नियतकालिकात आला. त्यात जिल्ह्याचे नाव उस्मानाबाद असे आहे. धाराशिव हे नाव जिल्ह्याला २०२३ साली मिळाले. जगभरच्या वैद्यांनी वाचलेले हे आकडे येथल्या बायकांनी शेतातली खुरपणी सोडून, रांगेत उभे राहून दिलेले आहेत. ज्यांनी ते केले त्यांच्या नवऱ्यांस वर्षातून एकदा तोंड उघडून दाखविणे आणि हनुवटीला कापूस लावून घेणे अवघड जाईल, असे आम्हांस वाटत नाही.

मागच्या मेजावर उजेडाच्या पेटीवर दोन चित्रे लावली आहेत. नावे पुसलेली आहेत. डावीकडच्या चित्रात निरोगी माणूस आहे. कवटीच्या तळाखाली दोन्ही बाजूंस सारखे पांढरे डाग आणि प्रत्येकात एक काळसर ठिपका दिसेल. उजवीकडच्या चित्रात एका बाजूस तसा डाग आहे, दुसऱ्या बाजूस नाही. कोणत्या बाजूस नाही ते आम्ही सांगत नाही. जाताना रांगेने पाहावे, आणि ओळखता आले तर दाराशी आम्हांस सांगावे. आता प्रश्न असतील तर विचारावेत.